सोळा तास आकाशात, पण सोनेगावपर्यंत कसे जायचे?

आपल्या सौसर-पांढुर्णा भागातील जुन्या मराठी घरांतून एक तरी मुलगा किंवा मुलगी आता परदेशात असतेच. निघण्यापूर्वी जामसांवलीच्या हनुमंताला नारळ फुटतो आणि सगळे विचारतात, "विमानाला किती तास?"

दिल्ली ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे पावणेबारा हजार किलोमीटर. सरळ विमानाला जाताना पंधरा-सोळा तास लागतात, येताना तासा-दीड तासाने कमी. कारण वरच्या थरातले वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. पृथ्वी गोल असल्याने जवळचा मार्ग नकाशावरच्या सरळ रेघेने जात नाही. दिल्लीहून उत्तरेकडे चढत, नॉर्वे-ग्रीनलँडच्या बाजूने तो जातो. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा अमेरिकेची काही विमाने इंधनासाठी व्हिएन्नाला उतरू लागली. अंतर तेच होते, तास मात्र वाढले. म्हणजे प्रवासाचा वेळ राज्यकर्तेही ठरवतात.

आम्ही बँकवाले हिशेब पूर्ण मांडतो. घरून नागपूर विमानतळ दोन तास, तिथे दोन तास आधी हजर, दिल्लीचे विमान पावणेदोन तास, दिल्लीत चार तास थांबा आणि मग ते सोळा. बेरीज पावणेसव्वीस तासांची. त्यातला सर्वांत बेभरवशाचा भाग कोणता? आकाशातला नव्हे, आपल्या दारापासून सोनेगावपर्यंतचा! साठ-सत्तर किलोमीटरसाठी मध्यरात्री भाड्याची गाडी शोधावी लागते आणि गाडीवाला मागेल तो दर द्यावा लागतो.

हेच नागपूर १९५६ पर्यंत आपली राजधानी होते. जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची टपाल विमाने मध्यरात्री तिथे एकत्र येत, पिशव्या बदलत आणि पहाटे परत जात. देशाचा मध्य आपल्या शेजारी होता, आजही आहे. फक्त १ नोव्हेंबर १९५६ ला राजधानी भोपाळला गेली आणि मधे राज्याची सीमा आली. भोपाळचे विमानतळ आपल्याला काय कामाचे?

छिंदवाड्याच्या इमलीखेडा धावपट्टीचे विमानतळ करा, ही मागणी जुनी आहे. माझे मत वेगळे आहे, काहींना रुचणार नाही. आपल्या दोन तालुक्यांना त्याचा फारसा उपयोग नाही. तिथून चार गावांना छोटी विमाने उडतील, तरी दिल्ली-मुंबईसाठी आपण नागपूरच गाठणार.

मागायचेच तर बस मागा. मध्य प्रदेशची सरकारी बससेवा २००५ नंतर गुंडाळली गेली. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा मंजूर केली. तीत पांढुर्णा-सौसर ते नागपूर विमानतळ हा मार्ग घालून घ्यावा. एक बस पहाटेच्या विमानांना पोचणारी आणि एक रात्री उशिरा परतणारी, एवढ्याने सुरुवात होईल. दोन राज्यांचा परवाना लागेल, म्हणून कागद भोपाळ आणि मुंबई दोन्हीकडे फिरवावा लागेल. २०२३ पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा आहे, कलेक्टर कचेरी जवळ आली आहे. आपल्या मंडळाने गावागावांतून सह्या घेऊन पहिले निवेदन तिथेच द्यावे.