शीण मुलांचा, निकाल मोठ्यांचा

शाळेचा शीण हे शहरी मुलांचे दुखणे आहे, असे परवा एका शिक्षणतज्ज्ञाने ठासून सांगितले. त्यांच्या मते डहाणू तालुक्यातल्या सायवनच्या पोराला ना क्लास, ना नीटची धास्ती. ते रानात हुंदडते, शाळेत आयते जेवते. त्याचा शीण मोजायला जाल तर नसलेले दुखणे त्याच्या डोक्यात भराल! माना डोलावणारेही पुष्कळ निघाले.

हुंदडते? कधी? डहाणू-तलासरीतली कितीतरी मुले-मुली आश्रमशाळेत राहतात. वर्ग, अभ्यासिका, जेवणाची रांग, निजायची खोली, सगळे एकाच आवारात. शहरातल्या मुलीची शाळा संध्याकाळी सुटते, हिची सुटते ती गणपतीला नाहीतर दिवाळीला. दिवाळी सरली की अनेकींचे आईबाप वीटभट्टीवर जातात. मग घरी जायचे तर कोणाकडे? लहानपणापासून वारली बोललेल्या या मुलीला भूमितीची सिद्धता पुस्तकी मराठीत मांडायची असते. चुकली की वर्ग हसतो. हळूहळू ती उत्तर द्यायचे सोडते, आणि एका सुट्टीनंतर परतच येत नाही. शेरा तयार असतो: शिक्षणाची गोडी नाही. गोडी मुळात नव्हती की शाळेतच आटली, हे हजेरीपट कसे सांगणार?

हा गोडीचा वाद या भागाला नवा नाही. डहाणू तालुक्यातच कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली आणि मुले शिकली. तरी तेच पालुपद चालू आहे.

मोजल्याने दुखणे वाढते म्हणे. अंगणवाडीत वजनकाटा आला म्हणून कुपोषण वाढले का?

मोजायचे काय, हेही ठाऊक आहे. फिनलंडच्या कातारीना साल्मेला-आरो आणि सहकाऱ्यांनी 2009 साली नऊ विधानांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात थकवा, शाळेचा उबग आणि आपण कमी पडतो ही भावना अशी तीन अंगे आहेत. ती जशीच्या तशी इथे वाटू नये. मोकळ्या वेळातही शाळेचा घोर लागतो का, हे चोवीस तास शाळेतच असलेल्या मुलीला कसे विचारणार? विधाने इथल्या मुलांशी बोलून नव्याने घडवावीत. ती वारलीत, तोंडी, अधीक्षक समोर नसताना, गावातल्याच शिकलेल्या तरुणीने विचारावीत. जूनमध्ये एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा. उत्तरे मुलीच्या नावावर नव्हे, शाळेच्या नावावर नोंदवावीत. नववीचा उबग चढलेला दिसला, तर त्या शाळेने आधी संध्याकाळची सक्तीची अभ्यासिका थांबवावी.