विश्लेषण : ग्रॅफाइटची खाण मोठी, तरी गुंतवणूकदार नाराज का?

विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या बॅटरीत लिथियमपेक्षा ग्रॅफाइट कितीतरी अधिक लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने एका मोटारीमागे सुमारे ६६ किलो. तरीही चीनबाहेर ग्रॅफाइट काढणारी ‘सिरा रिसोर्सेस’ ही ऑस्ट्रेलियन कंपनी गुंतवणूकदारांची परीक्षा पाहत आहे. २०१६ मध्ये सहा ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास गेलेला तिचा शेअर २०२५ मध्ये एका डॉलरच्याही खाली होता. दोष नेतृत्वाचा की परिस्थितीचा?

कंपनीकडे काय आहे?

मोझांबिकच्या काबो डेल्गाडो प्रांतातील बालामा ही जगातील मोठ्या ग्रॅफाइट खाणींपैकी एक. तिची वार्षिक क्षमता साडेतीन लाख टन. अमेरिकेत लुइझियाना राज्यातील विडालिया येथे या ग्रॅफाइटपासून बॅटरीच्या ॲनोडसाठी पदार्थ तयार करणारा कारखाना आहे. त्यासाठी अमेरिकी सरकारने २०२२ मध्ये सुमारे १० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. तिथला माल घेण्याचा करार टेस्लाने २०२१ मध्येच केला होता.

मग अडले कुठे?

पहिला अडथळा चीनचा. बॅटरीयोग्य ग्रॅफाइटची ९० टक्क्यांहून अधिक प्रक्रिया तिथे होते. चीनमध्ये कृत्रिम ग्रॅफाइट स्वस्त झाले की बालामाचा भाव पडतो. २०१९ मध्ये भाव घसरल्याने उत्पादन घटवावे लागले आणि २०२० मध्ये करोनामुळे खाणच थांबली. पूर्ण क्षमतेच्या निम्मे उत्पादनही २०२५ पर्यंत एकाही वर्षी झाले नाही.

दुसरा अडथळा खाणीच्या दारात उभा राहिला. २०२४ मध्ये पुनर्वसनाच्या जुन्या तक्रारींवरून शेतकऱ्यांनी रस्ता अडवला. ऑक्टोबरच्या निवडणुकीनंतर देशभर अशांतता पसरली. डिसेंबरमध्ये कंपनीने ‘फोर्स मॅज्युअर’ जाहीर केले, म्हणजे आवाक्याबाहेरच्या कारणामुळे करार पाळता येत नसल्याचे कळवले. अमेरिकी कर्जांच्या अटींचाही भंग झाला. उत्पादन पुन्हा सुरू व्हायला जून २०२५ उजाडले.

मतभेद कशावर?

शॉन व्हर्नर २०१७ पासून कंपनीचे प्रमुख आहेत. त्यांची बाजू घेणारे म्हणतात, चीनच्या किमती किंवा मोझांबिकमधील निवडणूक कोणाच्याच हाती नव्हती. चीनबाहेर खाण आणि कारखाना दोन्ही उभे करून अमेरिकी सरकारला सोबत घेणे हे लहान काम नाही.

टीकाकारांचा मुद्दा वेगळा आहे. पैसा कमी पडला की नवे शेअर काढले जातात आणि जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होतो. करार झाला तरी माल ग्राहकाच्या कसोटीला उतरायला वर्षे लागतात. जुलै २०२५ मध्ये टेस्लाने कंपनीला करारभंगाची नोटीस दिली. नमुने ठरलेल्या दर्जाचे नाहीत, असा तिचा आक्षेप होता. कंपनीने तो मान्य केला नाही, पण तोडगा काढण्याची मुदत वारंवार वाढवावी लागली.

निकष कोणता?

भाव पडल्याबद्दल व्यवस्थापनाला फासावर चढवणे अन्यायाचे ठरेल. पण पुनर्वसनाच्या तक्रारी खाणीसोबत आल्या होत्या. त्या एका दिवसात पेटल्या नाहीत. गावकऱ्यांशी संबंध, हाती असलेली रोख रक्कम आणि दिलेली तारीख पाळणे, या तीन गोष्टी नेतृत्वाच्या हातात असतात आणि मूल्यमापन त्यांवरच व्हायला हवे.

अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये चिनी ॲनोड ग्रॅफाइटवर ९३.५ टक्के प्राथमिक डम्पिंगविरोधी शुल्क जाहीर केले. त्याने कंपनीला आधार मिळेल, पण सरकारी शुल्क माल तयार करून देत नाही.

भारतानेही २०२३ मध्ये ३० अत्यावश्यक खनिजांच्या यादीत ग्रॅफाइटला स्थान दिले आहे. उद्या इथल्या खाण कंपन्यांचे शेअर घेताना जमिनीखाली किती साठा आहे, एवढेच पाहून चालणार नाही. तो साठा वेळेवर विकता येतो का आणि त्यासाठी शेजारच्या गावाची साथ आहे का, हे आधी विचारावे लागेल.