गॅरेज लहान, तडा मोठा

मी कॉन्व्हेंटमधली, तेव्हा मराठीच्या चुका सांभाळून घ्या. गेल्या सुट्टीत शहाद्याला पप्पांनी जाहीर केलं, "गाडी उन्हात तापते, बाजूला गॅरेज काढू." मिस्त्री आले, पावलांनी जागा मोजली नि म्हणाले, "ताई, घराची भिंत आहेच. जुन्या भिंतीत दात काढून नवी जोडू. एकदम मजबूत!" नगरपालिकेत विचारलं का, यावर मात्र सगळे गप्प.

मी सिव्हिलची, मला दातच खटकले. आमच्या तापीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, भेगेत हात जाईल इतकी. जुनं घर केव्हाच बसून गेलंय, नवी भिंत आता बसणार. दोघींना बांधलं की जोडावर तडा ठरलेला. माझं मत: पाया वेगळा, काळी माती काढून मुरूम ठोकलेला, नि मध्ये इंचभर फट. रुरकीच्या सीबीआरआयने अशा मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल विकसित केले, पण गाडीच्या छपराला ती चैन झाली. लोखंडी खांब आणि पत्रे पुरेत. (पत्र्यावरचं पाणी पायापासून लांब न्या बरं का!)

मिस्त्री हसले. त्यांचा काय दोष? आम्हालाही ड्रॉइंगला रिकाम्या प्लॉटवरचंच घर मिळतं. गावात घर एकदम कोण बांधतं? ते खोली-खोलीने वाढतं. सर, एक तरी शीट जुन्या घराच्या वाढीवर द्या ना.

पप्पांनी फट मान्य केली. आता आई म्हणते, त्यातून पाली येतील.