यंत्राची साक्ष आणि ग्राहकाची पावती

व्यवहार विश्वासावर चालतो, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु विश्वासाला सर्वाधिक महत्त्व देणाऱ्या आपल्याच समाजाने रोजमेळ, खतावणी आणि पावती यांनाही व्यवहारात मानाचे स्थान दिले आहे. दिवाळीत लक्ष्मीसोबत वह्यांचेही पूजन करणारा हा समाज आहे. यामागील दृष्टी स्पष्ट आहे. विश्वास दोन्ही बाजूंनी असावा लागतो आणि तो टिकण्यासाठी दोन्ही बाजूंच्या हाती पुरावाही असावा लागतो. गेल्या काही वर्षांत बँकांच्या दाराशी उभ्या राहिलेल्या कॅश डिपॉझिट मशीनने, अर्थात रोख भरणा यंत्राने, हा समतोल बिघडवला आहे. त्याची जाणीव ग्राहकाला होते ती मात्र स्वतःची रक्कम अडकल्यानंतरच!

छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस, छावणी ओलांडून मिटमिटा आणि दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर पडेगाव आहे. शहर वाढत गेले आणि एकेकाळचे हे गाव शहराचे उपनगर झाले. छोटे दुकानदार, कामगार, नोकरदार, निवृत्त मंडळी अशा सर्वांची येथे वस्ती आहे. दिवसभराचा गल्ला मोजून रात्री दुकान बंद करणाऱ्या व्यापाऱ्याला बँकेच्या कामकाजाच्या वेळा सोयीच्या नसतात. कामगाराला पैसे भरण्यासाठी खाडा करणे परवडत नाही. अशा माणसांसाठी हे यंत्र खरोखरच उपकारक आहे. रांग नाही, चलन भरणे नाही, सुट्टीचा अडसर नाही. तेव्हा प्रश्न यंत्र असावे की नसावे, हा नाही. यंत्र चुकले तर कोणाचे म्हणणे ग्राह्य धरायचे, हा आहे.

समजा, पडेगावातील एखाद्या किराणा दुकानदाराने रात्री साडेनऊ वाजता पाचशेच्या चाळीस नोटा यंत्रात ठेवल्या. यंत्राने नोटा आत ओढल्या, मोजल्या, पडद्यावर वीस हजारांचा आकडा दाखवला. त्याने संमतीचे बटण दाबले आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली किंवा संपर्क तुटला. पडदा काळा झाला. यंत्र पुन्हा सुरू झाले तेव्हा पावती नव्हती, नोटा परत आल्या नव्हत्या आणि खात्यातही रक्कम नव्हती. दुसऱ्या दिवशी शाखेत गेल्यावर त्याला तक्रार लिहून देण्यास सांगण्यात आले. काही दिवसांनी एका ओळीचे उत्तर आले : यंत्रातील रोकड जादा आढळली नाही, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे. आता या माणसाने काय करावे? वीस हजार ही रक्कम बँकेच्या ताळेबंदात दिसणारही नाही. दुकानदारासाठी मात्र ती घाऊक व्यापाऱ्याची देणी असते, मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क असते.

यंत्राच्या पोटात काय घडते?

या यंत्राची रचना थोडी समजून घेणे आवश्यक आहे. ग्राहकाने ठेवलेल्या नोटा थेट तिजोरीत जात नाहीत. त्या प्रथम तपासल्या आणि मोजल्या जातात, मग मधल्या कप्प्यात थांबतात. ग्राहकाने संमती दिली की त्या आतील पेटीत सरकतात आणि त्याच सुमारास बँकेच्या मध्यवर्ती संगणकाकडे खात्यात रक्कम जमा करण्याचा संदेश जातो. म्हणजेच नोटांचा प्रवास आणि संदेशाचा प्रवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोटा पोहोचल्या आणि संदेश पोहोचला नाही, असे घडू शकते. एखादी नोट मध्येच अडकते, कधी नोटा नाकारलेल्या नोटांच्या कप्प्यात जाऊन पडतात.

मात्र यंत्र प्रत्येक टप्प्याची नोंद आपल्या इलेक्ट्रॉनिक रोजनाम्यात ठेवते. पेटी उघडून रोकड मोजली जाते, तेव्हा ती या नोंदींशी ताडून पाहिली जाते. तेथे कॅमेराही असतो. याचा अर्थ असा की सत्य शोधण्याची साधने उपलब्ध आहेत. परंतु ती सगळीच्या सगळी बँकेच्या ताब्यात आहेत. रोजनामा बँकेचा, रोकड मोजणारी माणसे बँकेची किंवा तिने नेमलेल्या कंपनीची, चित्रीकरण बँकेचे आणि निर्णयही बँकेचाच. पक्षकार, साक्षीदार आणि न्यायाधीश या तिन्ही भूमिका एकाच संस्थेकडे आल्यावर तेथे न्यायाची केवळ आशाच करता येते.

यंत्रही फसते

‘संगणक खोटे बोलत नाही’ हे वाक्य शाखाशाखांतून ऐकवले जाते. बँकांचा स्वतःचा अनुभव काय सांगतो? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. हल्लेखोरांनी बँकेच्या खऱ्या यंत्रणेऐवजी खोट्या यंत्रणेकडून पैसे काढण्याच्या मागण्या मंजूर करून घेतल्या आणि अनेक देशांतील एटीएममधून रोकड काढली गेली. परदेशी खात्यात वळवलेली रक्कम धरून बँकेला सुमारे ९४ कोटी रुपयांचा फटका बसला. जून २०२१ मध्ये चेन्नईत चोरट्यांनी स्टेट बँकेच्या रोख भरणा यंत्रांनाच गाठले. याच यंत्रांतून पैसे काढण्याचीही सोय होती. बाहेर आलेल्या नोटा काढून घेऊन झडप काही क्षण दाबून धरली की, नोटा ग्राहकाने घेतल्याच नाहीत असे यंत्र समजे आणि वजा झालेली रक्कम खात्यात परत जमा होई. बँकेला त्या यंत्रांतून पैसे काढण्याची सोय थांबवावी लागली. या दोन्ही प्रसंगी यंत्राची नोंद एक सांगत होती आणि वस्तुस्थिती दुसरीच होती. बँकेचे नुकसान झाले तेव्हा यंत्राची साक्ष अखेरची मानली गेली नाही आणि ते योग्यच झाले. मग सामान्य ग्राहकाच्या वेळी तीच साक्ष अखेरची कशी ठरते?

इंग्लंडमधील पोस्ट खात्याचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. तेथे १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली आली. तिच्यातील दोषांमुळे हिशेबात खोटी तूट दिसू लागली. संगणक चुकणार नाही, असे गृहीत धरून छोट्या टपाल कचेऱ्या चालवणाऱ्यांवर चोरीचे आणि अफरातफरीचे खटले भरण्यात आले. नऊशेहून अधिक जण दोषी ठरले. कित्येकांनी तुरुंगवास भोगला, संसार उद्ध्वस्त झाले. अखेर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. यंत्रावरील आंधळी श्रद्धा काय करू शकते, याचा हा धडा आहे.

सुप्याची आठवण

पुरावा एकाच बाजूच्या हाती असणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राने दीडशे वर्षांपूर्वी भोगले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या पेढ्यांवर चालून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या या उठावात शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. ती कागदपत्रे हिसकावून जाळण्यात आली. किती फेडले आणि किती राहिले, हे सांगणारी वही सावकाराच्या घरात होती आणि न्यायालय त्या वहीवर विश्वास ठेवत होते. शेतकऱ्याने परतफेड केली तरी त्याच्या हाती कपटाही नसे.

या उठावानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्यता कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. परतफेडीची लेखी पावती, वार्षिक हिशेबाचा उतारा आणि नोंदींचे पासबुक मागण्याचा अधिकार शेतकऱ्याला मिळाला. म्हणजे आज आपण जी पावती आणि जे पासबुक सहज गृहीत धरतो, ते मिळवण्यासाठी या मातीत संघर्ष झालेला आहे. त्याच इंग्रजी राजवटीने १८९१ मध्ये बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायदा करून बँकेच्या वहीतील नोंदीच्या प्रमाणित प्रतीला प्रथमदर्शनी पुराव्याचा दर्जा दिला. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने संगणकीय नोंदीही त्यात आल्या. त्यासाठी यंत्रणेच्या सुरक्षिततेचे प्रमाणपत्र जोडण्याची अट आहे, हे खरे. परंतु प्रथमदर्शनी पुरावा म्हणजे अंतिम सत्य नव्हे, हे शाखेतील टेबलासमोर उभ्या असलेल्या ग्राहकाला कोण सांगणार?

भारतीय परंपरेचा विचार याहून वेगळा आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात वजने आणि मापे यांसाठी पौतवाध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. दर चार महिन्यांनी मापांची तपासणी व्हावी आणि तपासणी न झालेले माप वापरणाऱ्यास दंड व्हावा, अशी त्याची व्यवस्था आहे. माप ज्याच्या हाती, त्याने ते निर्दोष असल्याचे सिद्ध करावे, हा त्यामागील भाव आहे. किराणा दुकानदाराच्या तराजूवर आजही वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. त्याच दुकानदाराच्या नोटा मोजणाऱ्या यंत्रावर मात्र त्याला दिसेल असा कोणता शिक्का असतो?

नियमांतील पोकळी

रिझर्व्ह बँकेने ग्राहकहितासाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवल्या. एटीएममधून पैसे न मिळता खात्यातून वजा झाले तर ते पाच दिवसांत आपण होऊन परत करावेत आणि विलंब झाल्यास दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असे त्यात म्हटले. कार्ड, यूपीआय, आधार आधारित व्यवहार यांचाही त्यात समावेश झाला. परंतु यंत्रात रोख भरूनही ती जमा न होण्याचा स्वतंत्र उल्लेख त्या कोष्टकात नव्हता. पैसे काढणाऱ्याला मिळालेले संरक्षण पैसे भरणाऱ्याला तितक्याच स्पष्ट शब्दांत का मिळू नये? दुसरे असे की, अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहील, हे तत्त्व ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनेच घालून दिले. तेच तत्त्व रोख भरणा यंत्राला लागू करणे न्यायाचे आहे.

येथे बँकांची बाजूही पाहिली पाहिजे. खोटा दावा करणारे ग्राहक असतात. शाखेतील कर्मचाऱ्याला यंत्राच्या नोंदी पाहण्याचा अधिकार पुष्कळदा नसतो, तोही वरिष्ठ कार्यालयाकडे बोट दाखवण्यापलीकडे काही करू शकत नाही. म्हणूनच पुरावा खुला करणे दोघांच्याही हिताचे आहे. तक्रार फेटाळताना त्या व्यवहाराच्या रोजनाम्याचा उतारा, त्या पेटीच्या रोकड ताळमेळाचा अहवाल आणि चित्रीकरण तपासल्याचा लेखी निष्कर्ष ग्राहकाला देणे बंधनकारक करावे. खोटा दावा त्यामुळे उघडा पडेल आणि खरा ग्राहक कचेऱ्यांचे उंबरठे झिजवण्यातून सुटेल.

संघटित ग्राहक हेच उत्तर

नियम बदलेपर्यंत ग्राहकाने हातावर हात ठेवून बसू नये. नोटा मोजून, त्यांचा तपशील लिहूनच यंत्राकडे जावे. व्यवहार अडकल्यास यंत्राचा क्रमांक, वेळ आणि पडद्यावरील मजकूर टिपून घ्यावा. त्याच दिवशी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा आणि चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणी लेखी करावी, कारण ते मर्यादित काळच ठेवले जाते. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून त्यासाठी देशभर एकच खिडकी झाली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगापुढे तक्रार नेण्याची मुभा दिली आहे.

परंतु एकटा माणूस थकतो. वीस हजारांसाठी चार महिने कोण खेटे घालणार, असे म्हणून तो सोडून देतो आणि त्याच्या थकण्यावरच निष्काळजी व्यवस्था जगते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, ते हा एकटेपणा संपवण्यासाठीच. ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये आला. आधी समाज जागा झाला, मग कायदा आला, हा क्रम विसरता कामा नये.

पडेगावसारख्या प्रत्येक वस्तीत चार जाणते कार्यकर्ते ठरवतील तर आठवड्यातून एक संध्याकाळ या कामासाठी काढता येईल. अर्ज लिहून देणे, मुदती सांभाळणे, वृद्ध माणसाबरोबर शाखेत जाणे, एकाच यंत्राविषयीच्या तक्रारी एकत्र करून बँकेपुढे मांडणे, या कामाला मोठा निधी लागत नाही आणि व्यासपीठही लागत नाही. ज्याचे पैसे अडकले आहेत, त्याच्या शेजारी कोणीतरी उभे राहावे लागते. हे काम ज्याच्या त्याच्या वस्तीत उद्याही सुरू होऊ शकते. सुप्याच्या शेतकऱ्याला पावतीसाठी वह्या जाळाव्या लागल्या. आजच्या ग्राहकाला कायदा उपलब्ध आहे, त्याच्याजवळ उणीव आहे ती सोबतीची.