हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

सिडने ल्यूमेट यांचा ‘द व्हर्डिक्ट’ (१९८२) हा बोलपट पतित वकिलाच्या उद्धाराची कथा म्हणून वाखाणिला जातो. ही वाखाणणी आम्हांस मान्य नाहीं. बाळंतपणाच्या वेळीं चुकीची गुंगी दिल्यामुळें कायमची बेशुद्ध झालेल्या एका स्त्रीचा दावा बोस्टनचा मद्यपी वकील फ्रँक गॅल्व्हिन चालवितो. प्रतिपक्ष २,१०,००० डॉलर देऊं करितो. तो ते नाकारतो. दावा लावणाऱ्या तिच्या बहिणीस व बहिणीच्या पतीस मात्र तो एका शब्दानेंहि विचारीत नाहीं! तो पति पुढें संतापून जाब विचारतो. बोलपट तेवढें दाखवून पुढें सरकतो.

कोणी म्हणेल, पैसे घेतले असते तर सत्य दडपलें असतें. खरें, पण मग तें त्या कुटुंबास सांगून त्याची संमति घ्यावयाची होती. तडजोड स्वीकारण्याचा वा धुडकावण्याचा अधिकार पक्षकाराचा आहे. शेवटीं जूरी अनुकूल कौल देते, म्हणून हा दोष झांकला जातो. परंतु मुख्य साक्षच न्यायाधीशांनीं अग्राह्य ठरविली होती. कौल उलट पडता, तर वकिलास आत्मसमाधान लाभलें असतें आणि बहिणीच्या हातीं कांहींच उरलें नसतें. पॉल न्यूमन यांचा अभिनय थोर आहे. तथापि दुसऱ्याच्या खर्चानें घेतलेल्या प्रायश्चित्तानें कोणाचेंहि पाप धुतलें जात नाहीं.