सफीर हा याचक नव्हे, संस्थेचा नोकर आहे

रमजान महिना लागला की कापड बाजारात दोन प्रकारच्या लोकांची वर्दळ वाढते. एक गिऱ्हाइकांची आणि दुसरी सफीरांची. गिऱ्हाइकाविषयी या पानावर पुष्कळ लिहिले जाते. सफीराविषयी मात्र तक्रारीखेरीज काही लिहिले जात नाही. मदरसा किंवा शाळेसाठी गावोगाव फिरून चंदा जमविणाऱ्या या माणसालाही नोकरी आहे, त्या नोकरीच्या काही अटी आहेत व त्या अटी बहुतेक ठिकाणी न्यायाच्या नाहीत. व्यापारी बंधूंनी या बाजूने विचार करावा म्हणून हे लिहित आहोत.

आमच्या भंडारा जिल्ह्यात येणारे सफीर बहुधा हावडा-मुंबई मार्गाच्या गाडीने येतात. भंडाऱ्यासाठी वरठीला आणि तुमसरसाठी देव्हाडीला उतरावे लागते. तेथून एस.टी. अगर ऑटोने शहर, मग पवनी, साकोली, लाखनी, मोहाडी. मुक्काम मशिदीत, इफ्तार मिळेल तेथे. २०१८ व २०१९ साली रमजान मे-जूनमध्ये आला होता. विदर्भातील मे महिन्याचे ऊन काय असते हे येथील वाचकांना सांगावयास नको. त्या उन्हात, रोजा धरून, रसीद बुकाची पिशवी खांद्याला लावून ही माणसे दुकानोदुकानी फिरत होती.

यातील पुष्कळसे लोक पेशाने सफीर नसतातच. वर्षभर ते मदरशात हिफ्ज किंवा अरबी-फारसी शिकवितात. शाबानमध्ये सुट्टी लागली की मोहतमिम त्यांच्या हाती रसीद बुक व तसदीकनामा देऊन इलाका वाटून देतात. जो वर्गात उस्ताद, तो रस्त्यावर वसुली कारकून होतो. नाही म्हटल्यास पुढील वर्षीच्या नोकरीची खात्री नाही. आमच्या दुकानी येणाऱ्या अनेक हाफिजसाहेबांशी गेली वीस-पंचवीस वर्षे आमचे बोलणे होत आले आहे. त्यांच्या सांगण्याचे सार असे, की काहींना रमजानात दुप्पट पगार मिळतो, काहींना जमलेल्या रकमेवर टक्केवारी मिळते आणि काहींना टक्केवारीखेरीज काहीच मिळत नाही. रेल्वेचे भाडे, जेवणखाण, औषधपाणी सर्व त्यातूनच. एकाने सांगितले की पहिले दहा दिवस भाडे वसूल होण्यातच जातात. दुसऱ्याने सांगितले की चंदा मागताना लाज वाटत नाही, कारण काम दीनचे आहे. लाज वाटते ती ईदच्या दिवशी मुलांना फोनवर काय सांगावे याची.

सुरतच्या पेढीचा माणूस आणि मदरशाचा माणूस

व्यापाराच्या दृष्टीने पाहू. सुरत किंवा भिवंडीच्या पेढीचा माणूस नमुने घेऊन आमच्याकडे येतो. त्याला पगार असतो, प्रवासखर्च असतो, लॉजचे बिल पेढी भरते. तो दुकानात आला की खुर्ची व चहा मिळतो. त्याने ऑर्डर न घेताच परत जावे लागले तरी त्याचा पगार बुडत नाही. आता मदरशाचा माणूस पाहा. तोही आपल्या संस्थेचा प्रतिनिधीच आहे. परंतु त्याला दुकानाच्या पायरीवर उभे ठेवले जाते, ‘ईद के बाद आइए’ म्हणून परत पाठविले जाते, एका पन्नास रुपयांसाठी तीन तीन चकरा घालावयास लावल्या जातात. आणि तो रिकाम्या हाताने परतला तर त्याची संस्थाही त्याला रिकाम्या हातानेच ठेवते. दुकानदार व संस्था या दोघांच्या मध्ये हा माणूस भरडला जातो.

टक्केवारीचा दुसरा तोटा देणाऱ्याचा आहे. समजा, एका व्यापाऱ्याजवळ वर्षअखेर एक लाख रुपयांवर जकात निघते. अडीच टक्क्यांनी ती अडीच हजार रुपये झाली. सफीराची बोली चाळीस टक्क्यांची असेल तर एक हजार रुपये वाटेतच संपले आणि गरीब विद्यार्थ्यापर्यंत दीड हजार पोहोचले. दलालीचा धंदा आम्हासही माहीत आहे व दलाली ही हलाल कमाई आहे. परंतु कापडातील दलाली दोन्ही पक्षांना ठाऊक असते. येथे देणाऱ्याला ती ठाऊक नसते. रसीदीवर पूर्ण रकमेचा आकडा असतो, कापलेल्या रकमेचा नसतो.

शरीअत काय म्हणते

कुरआनात सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यात फकीर व मिस्कीन यांच्यानंतर तिसरा क्रमांक जकात वसूल करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा आहे. म्हणजे वसुली करणाऱ्याचे पोट भरले पाहिजे ही गोष्ट चौदाशे वर्षांपूर्वीच मान्य झाली आहे. मात्र या आयतीचा आधार घेऊन टक्केवारीचे समर्थन करणाऱ्यांना अनेक मुफ्तींनी उत्तर दिले आहे, की ते आमिल शासनाने नेमलेले असत. आजचा सफीर हा संस्थेचा वकील आहे, त्याची उजरत आधी ठरलेली व निश्चित असली पाहिजे. ज्या मजुरीचा आकडा काम करणाऱ्याला कामाआधी माहीत नाही ती मजुरी सदोष होय. हनफी मतानुसार जकातीची रक्कम गरीब विद्यार्थ्याच्या मालकीत जावी लागते, तीतून शिक्षकांचा पगारही देता येत नाही. मग तीतून टक्केवारी कशी कापता येईल?

हदीसमध्ये इब्ने लुत्बिया यांचा प्रसंग प्रसिद्ध आहे. ते जकात वसूल करून परतले व म्हणाले की हे आपले आणि हे मला भेट मिळालेले. प्रेषित (स.) यांनी मिंबरवरून जाहीरपणे विचारले, की हा माणूस आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर त्याला ही भेट कोणी आणून दिली असती काय? वसूल करणाऱ्याची कमाई व वसुलीची रक्कम एकमेकांत मिसळू नये हा धडा यात आहे. त्याचबरोबर मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी ही शिकवणही त्याच दरबारातील आहे. संस्थाचालकांना पहिली गोष्ट आठवते, दुसरी आठवत नाही.

ही केवळ आमची गोष्ट नव्हे. अमेरिकेत शाळांना निधी जमवून देणाऱ्या स्वतंत्र कंपन्या आहेत. मुले घरोघरी चॉकलेट व भेटवस्तूंचे कागद विकतात, कंपनी आपला वाटा ठेवून उरलेला पैसा शाळेला देते. त्याच देशात मुख्यालय असलेल्या असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या संघटनेच्या आचारसंहितेत मात्र, जमलेल्या रकमेवर टक्केवारी घेण्यास सभासदांना मनाई आहे. कारण असे दिले जाते की टक्केवारीमुळे माणूस संस्थेऐवजी स्वतःचा हिशेब पाहू लागतो. आमचे मुफ्ती आणि तेथील धंदेवाईक लोक वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचले आहेत.

चंदा मागणे कमीपणाचे नव्हते

१८६६ साली देवबंदचा मदरसा लोकांच्या चंद्यावर उभा राहिला. सर सय्यद अहमद खाँ अलीगढच्या कॉलेजसाठी १८८४ साली पंजाबभर फिरले आणि पैशासाठी रंगमंचावर उभे राहण्यासही लाजले नाहीत. आमच्या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि मूठ मूठ धान्य गोळा करून वसतिगृहे चालविली. महर्षी कर्वे हिंगण्याच्या आश्रमासाठी झोळी घेऊन फिरत राहिले. फरक इतकाच की तेथे मागणारा हा स्वतः संस्थापक होता. लोक त्याला मान देत. आज संस्थापक कार्यालयात बसतो व मागावयास पगारी नोकर जातो. मान कार्यालयात राहतो आणि अपमान नोकराच्या वाट्याला येतो.

२०२० च्या रमजानात, म्हणजे एप्रिल-मे महिन्यात, देशात लॉकडाऊन होता. रेल्वे बंद, बाजार बंद, सफीर आपापल्या गावी. ज्याचा पगार ठरलेला होता त्याला निदान मागता आला. ज्याची टक्केवारी होती त्याची शंभर टक्के कमाई शून्य झाली, आणि ती मागावयाची कोणाकडे? टक्केवारीची खरी किंमत त्या वर्षी कळून आली.

काय करावे

काही संस्थाचालक म्हणतात की ठरावीक पगार दिला तर सफीर काम करणार नाही. आमचा अनुभव वेगळा आहे. आमच्या दुकानातील नोकरांना पगार ठरलेला आहे, तरीही ते माल विकतात. कामावर नजर ठेवावी, हिशेब रोज घ्यावा, वर्षाअखेरीस चांगल्या कामाबद्दल ठराविक बक्षीस सर्वसाधारण इमदादीतून द्यावे. त्यासाठी टक्केवारीची गरज नाही. लहान संस्थेला भाडे परवडत नसेल तर तिने सातशे मैलांवर माणूस पाठवू नये, आपल्याच जिल्ह्यात मागावे.

व्यापारी बंधूंच्या हाती तीन गोष्टी आहेत. पहिली, द्यावयाचे असेल तर पहिल्याच भेटीत द्यावे, नसेल तर पहिल्याच भेटीत नम्रपणे सांगावे. चकरा घालावयास लावू नये. दुसरी, रक्कम शक्यतो संस्थेच्या खात्यात बँकेने किंवा मोबाईलवरील यूपीआयने जमा करावी व रसीद घ्यावी. ज्या संस्थेकडे प्राप्तिकराचे ८०-जी प्रमाणपत्र आहे तिला दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिल्यास सवलत मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, रसीद घेताना सफीराला नव्हे तर संस्थेला फोन करून विचारावे, की या साहेबांना आपण पगार किती देता, प्रवासखर्च देता काय, आणि टक्केवारी किती कापता? हिशेबाचा कागद मागावा. आम्ही आमच्या दुकानी ही पद्धत ठेवली आहे. काही मोहतमिम नाराज झाले, काहींनी पुढील वर्षी पगाराचे पत्र जोडून पाठविले.

प्रश्न देणाऱ्याने विचारला तरच संस्था उत्तर देते. सफीराने विचारला तर त्याची नोकरी जाते. म्हणून हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याचीच आहे. अल्लाह आम्हा सर्वांना घेण्यात व देण्यात इन्साफ करण्याची तौफीक देवो, आमीन.