आवाज वाढवायचा की सुधारायचा?

कंपनीचा 'प्रीमियम' साऊंड असला तरी आपल्या पोरांचं समाधान होत नाही! नवी गाडी आली की लगेच बाहेरचे स्पीकर बसवायची घाई. मला हे पटत नाही.

2021 मध्ये आलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही 700 च्या वरच्या मॉडेलमध्ये सोनीचे 12 स्पीकर होते. अशा सिस्टीमचं ट्यूनिंग त्याच स्पीकर्ससाठी केलेलं असतं. समजा, मूळ स्पीकर 2 ओहमचा आहे. अॅम्प्लिफायर तोच ठेवून 4 ओहमचा लावला, तर पॉवर जवळपास निम्मी! व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स... फर्स्ट इयरलाच शिकलो ना?

मग अपग्रेड करूच नये का? जरूर करावं, पण क्रमाने. धडगावच्या घाटरस्त्याला दारांचे पत्रे खडखडतात, त्यात बेस हरवतो. म्हणून आधी दारांना आतून डॅम्पिंग शीट चिकटवा, मग ओहम जुळवून स्पीकर बदला, अॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. पॉवर दुप्पट केली तरी आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल! त्यासाठी घरच्यांचे हजारो रुपये का घालवायचे?

आणि मित्रांनो, वळणावर समोरच्या जीपचा हॉर्नच ऐकू आला नाही, तर ती भारी सिस्टीम काय कामाची?